लिंक कुठल्या नाक्यावर अडली?

मुलुंड पूर्वेला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दर महिन्याच्या १९ तारखेला संध्याकाळी तिथे बसायला खुर्ची मिळत नाही, कारण २० ही जीएसटीआर-३बी भरायची तारीख. तिथे काम करणारी मुलगी कॉम्प्युटर अडला की मला फोन करते. अशाच एका १९ तारखेला रिटर्नं बाजूला ठेवून ती एका कंपनीचा वेगळाच फॉर्म वेगळ्याच पोर्टलवर सही करून पाठवत होती.

"काका, सहीचं बटण दाबतेय, पण काहीच होत नाहीये. टोकन लावलंय, त्याचा दिवा लागलाय, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला."

"मेसेज काय येतोय?"

"मेसेजच येत नाहीये ना."

मी पोचेपर्यंत तिने ब्राउझर बदलला होता, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला होता, अँटीव्हायरस बंद करून पाहिला होता आणि टोकन सगळ्या यूएसबी पोर्टमध्ये फिरवून झालं होतं. कारण निघालं ते असं: दुपारी आलेल्या टेक्निशियनने सहीचा प्रोग्रॅम स्वतःच्या ॲडमिन लॉगिनमधून टाकला होता. प्रोग्रॅमने आपली नोंद त्या लॉगिनपुरतीच केली. तिच्या लॉगिनमध्ये विंडोजला तो प्रोग्रॅम ठाऊकच नव्हता. तिच्या लॉगिनमधून पुन्हा टाकला, दोन मिनिटांत सही झाली. त्याआधी जो पाऊण तास वाया गेला, त्याच्यासाठी हा लेख लिहितोय.

लिंक दाबली आणि बाहेरचा प्रोग्रॅम उघडलाच नाही, ही तक्रार माझ्याकडे वेगवेगळ्या वेषात येते. शाळेच्या मीटिंगची लिंक झूम उघडत नाही. ईमेलचा पत्ता दाबला तर भलतीच खिडकी येते. मंडळाच्या वर्गणीची लिंक दाबली तर गुगल पे उघडत नाही. डिजिटल सही होत नाही. वरवर या चार वेगळ्या तक्रारी आहेत, आणि माणसं त्या चार वेगळ्या दुकानांत घेऊन जातात. आतून रस्ता एकच आहे.

मुलुंडकरांना हा रस्ता समजावून सांगायला मला चेकनाका उपयोगी पडतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्याआधी लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि पूर्व द्रुतगती मार्गावर मुलुंडच्या हद्दीत ट्रकांच्या रांगा लागायच्या. माल वेळेवर पोचला नाही की भिवंडीत बसलेला मालक सगळ्यात आधी एकच विचारायचा: गाडी कुठे अडलीय? कागद चुकीचा असेल तर तो बदलावा लागे. नाक्यावर अडली असेल तर तिथल्या माणसाशी बोलावं लागे. नाका पार करूनही गोडाऊनला कुलूप असेल तर नाक्यावरच्या माणसाशी बोलून काय उपयोग? लिंकच्या वाटेतही असे चार थांबे आहेत: लिंक ज्यावर लिहिलेली आहे ते पान, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि शेवटी तो प्रोग्रॅम.

लिंकच्या सुरुवातीला, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके येतात त्यांच्या आधी, एक शब्द असतो. वेबपानांसाठी तो एचटीटीपीएस असतो. ईमेलच्या पत्त्यासाठी मेलटू, फोनसाठी टेल, झूमसाठी झूमएमटीजी, पैशांसाठी यूपीआय. ही नंतर जोडलेली कलाकुसर नव्हे. डिसेंबर १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वेबपत्त्यांचं जे पहिलं प्रमाण लिहिलं, त्यातच मेलटू, टेलनेट, न्यूज, गोफर असे शब्द होते. लिंक दाबल्यावर ब्राउझरच्या बाहेरचं काही उघडणार, हे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं. पुढे प्रत्येक कंपनीने आपापला शब्द काढला. शब्दांची जागतिक नोंदवही आहे, पण तिच्यात नोंद न करताही कुणी नवा शब्द वापरू शकतो, आणि बहुतेकजण तसंच करतात.

ब्राउझरला ओळखीचा शब्द दिसला तर तो पान स्वतः उघडतो. अनोळखी दिसला तर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, हा शब्द कुणाचा? विंडोज उत्तर रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या आतल्या नोंदवहीत, शोधते. तिथे त्या शब्दाच्या नावाचा एक कप्पा हवा, त्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' नावाची एक नोंद हवी, आणि आणखी आत तो प्रोग्रॅम डिस्कवर कुठे आहे त्याचा पूर्ण पत्ता हवा. गंमत अशी की 'यूआरएल प्रोटोकॉल' या नोंदीत काही लिहिलेलं नसतं; ती रिकामी असली तरी चालते, पण असावी लागते. मॅकवर प्रत्येक ॲप आपण कुठले शब्द सांभाळतो ते स्वतःच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहून आणतं आणि सिस्टिम त्याचं टाचण ठेवते. लिनक्सवर डेस्कटॉप फाइल नावाची छोटी मजकूर फाइल हे काम करते.

आता त्या शांततेकडे येतो, कारण माणसं तिच्यामुळेच सगळ्यात जास्त हैराण होतात. बटण दाबलं, काही झालं नाही, आणि पान निवांत बसलेलं आहे. पानाला खरोखरच काही माहीत नसतं. प्रोग्रॅम उघडला की नाही हे ब्राउझर पानाला सांगत नाही आणि हे मुद्दाम केलेलं आहे. सांगितलं असतं तर कुठल्याही संकेतस्थळाने शंभर शब्द हळूच विचारून पाहिले असते आणि तुमच्याकडे कुठल्या बँकेचं ॲप आहे, कुठलं औषधांचं आहे, हे ओळखलं असतं. २०२१ च्या मे महिन्यात एका कंपनीच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की आडवाटेने हे तरीही करता येतं, आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना ती वाट बुजवायला धावावं लागलं. म्हणून मीटिंगच्या पानावर 'काही झालं नसेल तर इथे क्लिक करा' असं लिहिलेलं असतं. ते पान अंधारात बोलत असतं, हे लक्षात आलं की त्याच्यावरचा राग कमी होतो.

गाडी कुठे अडली हे शोधायला तीन मिनिटं पुरतात. विंडोजची कळ आणि आर दाबून रनची छोटी चौकट उघडायची, तिच्यात तो शब्द आणि दोन ठिपके लिहायचे आणि एंटर दाबायचं. मॅकवर टर्मिनलमध्ये ओपन आणि लिनक्सवर एक्सडीजी-ओपन ही आज्ञा हेच काम करते. यात ब्राउझर पूर्ण बाजूला राहतो. प्रोग्रॅम उघडला, तर सिस्टिमची नोंद ठीक आहे आणि दोष पानात किंवा ब्राउझरमध्ये आहे. उघडला नाही, तर ब्राउझर बदलून, कुकीज पुसून काहीही होणार नाही. मग प्रोग्रॅम स्टार्ट मेनूतून थेट उघडून पाहायचा. तसा उघडतो पण रनमधून उघडत नाही, म्हणजे नोंद हरवली आहे. तसाही उघडत नसेल तर लिंकचा काही संबंधच नाही, प्रोग्रॅमच बिघडला आहे. त्या १९ तारखेला ही चाचणी आधी केली असती तर ड्रायव्हरला कुणी हातही लावला नसता.

नोंद हरवते कशी? सगळ्यात जास्त वेळा, वर सांगितलं तसं, दुसऱ्याच लॉगिनमध्ये राहते. झूमसारखे प्रोग्रॅम सहसा टाकणाऱ्याच्या खासगी फोल्डरमध्ये बसतात. घरात आईचं आणि मुलाचं लॉगिन वेगळं असेल तर मुलाकडे मीटिंग उघडते, आईकडे 'ही लिंक उघडायला नवं ॲप लागेल' अशी चौकट येते. दुसरं कारण म्हणजे जुनी नोंद: प्रोग्रॅमची नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये गेली, नोंद मात्र जुन्या पत्त्यावर पाठवत राहिली. तिसरं कारण असं की दोन प्रोग्रॅम एकाच शब्दावर हक्क सांगतात. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथे लिंकच्या प्रकारानुसार कुठला प्रोग्रॅम उघडायचा ते पाहता आणि बदलता येतं. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी इथे पाहावं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमना स्वतःहून डिफॉल्ट होणं अवघड केलंय, त्यामुळे 'मला डिफॉल्ट करा' असं बटण दाबूनही बदल होत नाही, तेव्हा बदल याच पानावर जाऊन करावा लागतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची अडचण नेमकी या जागी होती. एका हॉस्पिटलच्या पानावरचा ईमेल पत्ता त्या दाबत आणि समोर आउटलुकची खातं तयार करायची खिडकी येई. काकू आयुष्यभर जीमेल वापरत आलेल्या. त्यांना वाटलं आपलं खातं बंद पडलं. "अरे, माझे जुने मेल गेले का रे सगळे?" असं विचारत त्या दारात उभ्या होत्या. विंडोजने मेलटू हा शब्द आउटलुकच्या नावे लावला होता, एवढंच. क्रोममध्ये जीमेल उघडलं, पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे दोन चौकटींसारखं एक छोटं चिन्ह येतं ते दाबलं, 'परवानगी द्या' म्हटलं, आणि पुढच्या वेळी पत्ता दाबल्यावर जीमेलचं कोरं पत्र उघडलं. हे चिन्ह बहुतेकांच्या नजरेला पडत नाही. वेबपानालाही एखादा शब्द सांभाळायची परवानगी मागता येते, त्याची ती खूण आहे.

मुलाशी बोलण्यासाठी काकूंनी वर्षानुवर्षं स्काइपची एक लिंक जपून ठेवली होती. ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. परदेशी मुलं असलेल्या कितीतरी मराठी घरांत अशा लिंका अजून एखाद्या जुन्या मेलमध्ये पडून आहेत आणि कॉम्प्युटरवरचे फोननंबरही स्काइपकडे पाठवले जात आहेत. त्या दाबून काही उघडत नाही, कारण उघडायला पलीकडे कुणी राहिलेलं नाही. इथे दुरुस्ती करायची नसते. टेल या शब्दाचा मालक सेटिंग्जमध्ये बदलायचा आणि मुलाला नवी लिंक पाठवायला सांगायची.

ब्राउझरचा थांबा हा खरा नाका आहे, आणि तो दरवर्षी कडक होत गेला आहे. अनोळखी शब्द आला की 'उघडायचं का?' असं विचारणारी चौकट तिथे येते. क्रोमच्या या चौकटीत पूर्वी 'अशा लिंका नेहमी उघडा' अशी खूण करायची सोय होती. सप्टेंबर २०१९ च्या ७७व्या आवृत्तीत ती काढली, कारण एकदा खूण केली की कुठलंही संकेतस्थळ न विचारता तो प्रोग्रॅम उघडू शकत होतं. ऑफिसांतून मोठी ओरड झाली. नंतर ती परत आली ती एकेका संकेतस्थळापुरती. शिवाय माणसाने स्वतः दाबलेल्या लिंकवरच ही चौकट नीट येते. पानाने पाच सेकंद थांबून आपणहून प्रोग्रॅम उघडायचा प्रयत्न केला तर ब्राउझर तो गिळून टाकू शकतो. पानाच्या आत दुसरं पान बंदिस्त चौकटीत बसवलेलं असेल तर क्रोम २०२२ पासून त्यातून बाहेरचा प्रोग्रॅम उघडू देत नाही. अशा वेळी लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की काम होतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या 'ॲप्लिकेशन्स' या भागात प्रत्येक शब्दापुढे काय करायचं ते लिहिलेलं असतं. एकदा चुकीचं ॲप निवडून ते लक्षात ठेवायला सांगितलं असेल तर ते तिथेच सुधारतं.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. २००७ च्या जुलैमध्ये एक दोष उघडकीला आला. फायरफॉक्सने विंडोजमध्ये स्वतःसाठी एक शब्द नोंदवला होता. इंटरनेट एक्सप्लोररमधल्या पानावर त्या शब्दाची लिंक असे, लिंकमध्ये एक अवतरणचिन्ह चतुराईने घातलेलं असे, आणि त्यामुळे फायरफॉक्स लिंकचा उरलेला भाग आज्ञा समजून पाळत असे. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, घेणाऱ्याने तपासून घ्यावं. मोझिलाचं म्हणणं, देणाऱ्याने साफ करून द्यावं. मोझिलाने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली, आणि मग काही दिवसांतच फायरफॉक्सही इतर प्रोग्रॅमना लिंका तशाच न निवडता देतो हे समोर आलं. ते त्यांनी उघडपणे मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजमधली बाजू दुरुस्त केली. दोघांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. आजही पोर्टलच्या मदत केंद्राला फोन केला की ते ब्राउझरकडे बोट दाखवतात, ब्राउझरवाले प्रोग्रॅमकडे, आणि दाबणारा माणूस मधे राहतो.

२०२२ च्या मे महिन्यातला 'फोलिना' दोष याहून गंभीर होता. विंडोजच्या एका निदान करणाऱ्या प्रोग्रॅमला लिंकमधून हाक मारता येत होती आणि वर्डची फाइल उघडली तरी कॉम्प्युटर परक्याच्या हाती जात होता. दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने दिलेला तात्पुरता उपाय एकच: त्या शब्दाची रजिस्ट्रीतली नोंद पुसून टाका. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ॲप थेट वेबवरून बसवणारा एक शब्द त्यांनी स्वतःच बंद केला, कारण गुन्हेगार तो वापरत होते. म्हणून एखादी लिंक काल उघडत होती आणि आज उघडत नाही, तेव्हा ती कुणी जाणूनबुजून बंद केली असण्याची शक्यताही धरावी. जबरदस्तीने उघडायच्या मागे लागू नये.

नाका चुकवायचा प्रयत्नही झाला आहे. मॅकवरचा सफारी झूम उघडण्याआधी एक जास्तीचा प्रश्न विचारू लागला, तो टाळायला झूमने कॉम्प्युटरमध्ये गुपचूप एक छोटा सर्व्हर बसवला. झूम काढून टाकलं तरी तो मागे राही आणि पुन्हा झूम बसवू शके. जुलै २०१९ मध्ये जोनाथन लाइट्शू या अभ्यासकाने हे जाहीर केलं आणि ॲपलने तो सर्व्हर आपल्या बाजूने सगळ्या मॅकवरून काढून टाकला.

तसाच छोटा सर्व्हर डिजिटल सहीच्या बाबतीत मात्र अपरिहार्य झाला आहे, आणि मुलुंडमधल्या कर सल्लागारांचा, सीएंचा, ठेकेदारांचा रोजचा झगडा इथेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने डिजिटल सहीला मान्यता दिली. १ जानेवारी २०२१ पासून नवीन प्रमाणपत्र क्लास ३ चंच मिळतं. सहीची गुप्त किल्ली एका यूएसबी टोकनमध्ये असते, त्याला सगळे डोंगलच म्हणतात, आणि ती किल्ली टोकनच्या बाहेर काढता येत नाही. वेबपानाला टोकनला हात लावता येत नाही. म्हणजे मधे कॉम्प्युटरवरचा कुणीतरी लागतोच.

आधी ते काम ब्राउझरच्या पोटात बसणारं जावा करत असे. ई-निविदा भरायच्या तर जावाची ठरावीक आवृत्ती टाकायची, सिक्युरिटीच्या यादीत संकेतस्थळाचं नाव घालायचं, आणि लाल खिडकी आली की 'रन' दाबायचं. एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने हे जुने प्लगइन बंद करून ठेवले आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण काढून टाकले. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही फ्लॅश सोडून बाकी सगळे बंद केले. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला. त्या मधल्या वर्षांत ऑफिसांत एक जुना कॉम्प्युटर फक्त सहीसाठी राखून ठेवलेला असे. त्याला कुणी अपडेट करायचं नाही, अशी चिठ्ठी मी एका मॉनिटरवर स्वतः वाचली आहे.

आता कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो आणि पान १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरशी, बोलतं. जीएसटी पोर्टलसाठी एमसायनर हा प्रोग्रॅम १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत असतो. 'सर्व्हरशी संपर्क झाला नाही, एमसायनर पुन्हा सुरू करा' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिला आहे. तो सर्व्हर सरकारचा नसतो, तुमच्याच टेबलावरचा असतो, हे कळलं की अर्धी भीती जाते. प्रोग्रॅम चालू आहे का ते घड्याळाजवळच्या चिन्हांत पाहायचं. नसेल तर उजवं बटण दाबून 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' म्हणायचं. तरीही नाही, तर ब्राउझरच्या पट्टीत तो पत्ता पोर्टक्रमांकासकट लिहून उघडायचा. प्रमाणपत्राबद्दल इशारा आला तर त्या एका स्थानिक पत्त्यापुरता पुढे जा म्हणायचं. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाचं लॉगिन मागे उघडं राहिलेलं असेल तर त्याच्या प्रोग्रॅमने पोर्ट अडवलेलं असतं. ते लॉगिन साइन आउट करायचं. आणि २०२५ च्या अखेरीपासून क्रोम स्थानिक पत्त्यांशी बोलू पाहणाऱ्या पानांसाठी वेगळी परवानगी विचारू लागला आहे. घाईत 'ब्लॉक' दाबलं गेलं असेल तर पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह उघडून ती परवानगी परत द्यावी लागते.

फोनवर मामला वेगळा आहे. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला मुंबईतच, रघुराम राजन यांच्या हस्ते झाली. यूपीआयच्या लिंकमध्ये पैसे कुणाला, त्याचं नाव, रक्कम आणि चलन एवढं असतं. अँड्रॉइड अशी लिंक दाबल्यावर फोनमधली सगळी यूपीआय ॲप्स मांडून विचारतो, कुठलं? आयफोन विचारत नाही. एकाच शब्दावर अनेक ॲप्सनी हक्क सांगितला तर कुठलं उघडेल याची खात्री नाही, असं ॲपल स्वतः सांगतं. म्हणून आयफोनवर दुकानदारांची पानं प्रत्येक ॲपचं वेगळं बटण दाखवतात.

गणपतीच्या वर्गणीत हमखास अडतं ते दुसरीकडे. मंडळ इन्स्टाग्रामवर लिंक टाकतं, पान इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे द्यायचं बटण दाबलं की 'एरर अननोन यूआरएल स्कीम'. त्या आतल्या ब्राउझरला यूपीआय हा शब्द सिस्टिमकडे न्यायला कुणी शिकवलेलंच नाही. तीन ठिपके दाबून 'क्रोममध्ये उघडा' म्हटलं की काम होतं. कॉम्प्युटरवर तर यूपीआयचं ॲपच नसतं, तिथे क्यूआर कोड दाखवायला हवा. मंडळाच्या नावात अँडचं इंग्रजी चिन्ह असेल तर लिंक तिथेच तुटते, कारण ते चिन्ह लिंकमध्ये दोन भाग वेगळे करायला वापरतात. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये चूक असते ती नंबराची: सुरुवातीला ९१ हवेत, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको.

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक अडथळा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी इथे थोडा थांबतो. मुलुंडमधल्या काही रहिवाशांनी फूटपाथबद्दल महापालिकेच्या टी वॉर्डला पाठवायचं पत्र लिंकमध्येच भरून ठेवलं होतं: दाबा, मेल उघडेल, खाली नाव लिहा, पाठवा. इंग्रजीत उत्तम चाललं. मराठी मजकूर भरला आणि कित्येकांच्या कॉम्प्युटरवर काहीच उघडेना. लिंकमध्ये देवनागरी अक्षर सरळ जात नाही. प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक काना-मात्रेचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन चिन्हांत लिहिला जातो. एका 'म'ला नऊ चिन्हं. 'मुलुंड' या एका शब्दाला चोपन्न. विंडोज बाहेरच्या प्रोग्रॅमला जी लिंक देते, तिला साधारण दोन हजार चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे इंग्रजी पत्राला दोन हजारांपर्यंत अक्षरं मिळतात आणि मराठीला काना-मात्रे धरून सव्वादोनशेसुद्धा नाहीत. मर्यादा ओलांडली की पत्र छोटं होऊन येत नाही, लिंकच उघडत नाही. जिथे उघडलं तिथेही आउटलुकमध्ये मजकुराऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली. आउटलुकच्या प्रगत पर्यायांत मेलटूसाठी यूटीएफ-८ वापरा अशी एक खूण आहे, ती केल्यावर मराठी दिसू लागलं. रहिवाशांनी शेवटी लिंकमध्ये फक्त पत्ता आणि विषय ठेवला आणि पत्राचा मजकूर पानावर 'कॉपी करा' बटणासह दिला. मराठीत लोकांना लिहितं करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी हे मोजून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. लिंक उघडत नाही म्हणून माणूस इंटरनेटवर हेल्पलाइन शोधतो. पलीकडून गोड आवाज येतो, "सर, एक छोटं ॲप टाका, मी बघून देतो." ते ॲप कॉम्प्युटरचा ताबा देणारं असतं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कसारख्या ॲपच्या अशा वापराबद्दल इशारा दिला होता. सहीचं टोकन लावलेलं आहे, पिन टाकलेला आहे, आणि पडदा परक्याच्या हातात: यापेक्षा वाईट स्थिती नाही. मदत हवी असेल तर हेल्पलाइनचा नंबर पोर्टलच्या पानावरून घ्यावा, टोकन आधी काढावं, आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. अँटीव्हायरस बंद करून पाहायचा सल्लाही सगळे देतात. पाहावा, पण काम झालं की त्याच मिनिटाला परत चालू करावा.

पोर्टल बनवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. बटणाखाली कुठला प्रोग्रॅम उघडणार त्याचं नाव मराठीत लिहा. नाही उघडला तर काय करायचं ते त्याच पानावर लिहा, वेगळ्या मदत-पुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर नको. आणि दुसरी वाट ठेवा: ओटीपीने सही करायची सोय, ब्राउझरमध्येच चालणारी मीटिंग, क्यूआर कोड. जीएसटीत कंपन्या आणि एलएलपी वगळता इतरांना ओटीपीची वाट आहे, आणि तिने किती लहान दुकानदारांची १९ तारीख सोपी केली आहे ते मी त्या ऑफिसात बसून पाहिलं आहे.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. मागे प्रिंटरचा आवाज येत होता.

"काका, रनमधून टाकलं तर उघडतंय. स्टार्टमधूनही उघडतंय. ब्राउझरमधूनच नाही."

"पान दुसऱ्या पानाच्या आत आहे का? चौकटीत?"

"थांबा हं." माउसचा आवाज आला. "हो, चौकटीतच आहे."

"मग त्या लिंकवर उजवं बटण दाब आणि नव्या टॅबमध्ये उघड."